अक्काचं धर्माबाद

मागे एकदा साठवणीच्या तिखटाबद्दल लिहिताना मी सहज लिहून गेले होते, की आमच्या घरची मिरची धर्माबादेहून येते. त्यावर मैत्रिणींची पत्रं आली. एकीने विचारलं, हे धर्माबाद कुठं आलं? दुसरीने विचारलं, लातूरसारखी मोठी बाजारपेठ दारात असताना तुम्ही एवढ्या लांबून मिरची का आणता? तिसरीने तर सरळ लिहिलं, ‘तिथं तुमचं माहेर असणार!’ तिचा नेम अगदी थोडक्यात चुकला. माझं माहेर नांदेडचं. धर्माबाद हे माझ्या थोरल्या बहिणीचं, अक्काचं सासर. पण आई गेल्यापासून मला माहेरपण मिळतं ते तिथंच, त्यामुळे चुकला असंही म्हणवत नाही.

नांदेड जिल्ह्याच्या अगदी पूर्वेच्या टोकाला हे गाव आहे. नांदेडहून सिकंदराबादकडे जाणाऱ्या गाडीत बसलं, की मुदखेड, उमरी अशी स्टेशनं मागे टाकत धर्माबाद येतं. त्याच्यापुढचं स्टेशन बासर. तिथं महाराष्ट्र संपलेला असतो आणि फलाटावर तेलुगू ऐकू येऊ लागते. हा लोहमार्ग निजामाच्या काळातला, १९०० च्या सुमाराचा. मनमाड ते सिकंदराबाद. पूर्वी तो लहान रुळांचा होता, आता मोठ्या रुळांचा आहे. माझ्यासारखीला लातूरहून जायचं तर आधी एस.टी.ने अहमदपूर, लोहा करत नांदेड गाठायचं आणि मग गाडी. दोन मुलं, एक वळकटी आणि येताना मिरचीचं पोतं असा तो प्रवास. आमचे हे म्हणतात, ‘पोत्याच्या भाड्यात लातुरात दोन किलो जास्तीची मिरची येईल.’ हिशेब बरोबर आहे. पण बायकांचे सगळेच हिशेब भाड्यात बसत नाहीत.

धर्माबादेत उतरलात आणि हंगाम माघ-फाल्गुनाचा असला, तर पत्ता विचारावा लागत नाही, नाकच सांगतं. स्टेशनाबाहेर पाऊल टाकलं की पहिली शिंक. आमचा धाकटा तर दर खेपेला विचारतो, ‘अक्कामावशीच्या गावाला सर्दी झालीय का?’ मिरचीची मोठी बाजारपेठ म्हणून हे गाव जुन्या काळापासून ओळखलं जातं. आसपासच्या खेड्यांतून माल येतो, सीमेपलीकडून तेलंगण-आंध्रातूनही येतो. इथल्या गिरण्यांत त्याचं तिखट होतं आणि पोत्यांनी बाहेर जातं. लालभडक ढीग, त्यावर ताडपत्री आणि ढिगाच्या कडेने डोक्याला, नाकातोंडाला पदर गुंडाळून बसलेल्या बायका. त्या देठ तोडत असतात. दिवसभर, उकिडव्या नाहीतर मांडी घालून. किलोवर मजुरी. संध्याकाळी घरी जाऊन लेकराला जवळ घ्यायचं तर आधी हात कुठं ठेवावेत हा प्रश्न!

अक्काच्या शेजारीण एक बाई या कामाला जातात. त्यांच्याकडून मी एक गोष्ट शिकले, ती तुम्हालाही सांगते. मिरचीने हात पेटले की आपण नळाखाली धरतो. त्याने काही होत नाही, उलट आग पसरते. मिरचीतला जाळ पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. म्हणून आधी हाताला गोडं तेल नीट चोळायचं, मग साबण लावून धुवायचं, पुन्हा एकदा तेल, पुन्हा साबण. जेवताना तिखट लागलं तरी तेच, पाण्याचा तांब्या बाजूला ठेवा आणि दह्याची वाटी ओढा.

आता मिरची घेण्याबद्दल, कारण पत्रांचा अर्धा रोख तोच होता. मिरची हातात घेऊन हलवा. बी खुळखुळलं पाहिजे. मोडून पाहा, कटकन मोडली पाहिजे. वाकली तर ओल आहे आणि ओलीला पुढे बुरशी लागते. पांढरट ठिपक्यांची, फिकी पडलेली मिरची स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. फार चकचकीत दिसली तर दोन बोटांत चोळून पाहा, तेलाचा हात फिरवलेला असतो कधीकधी. रंगाला ब्याडगी, झणक्याला तेजा अशी मिसळ आमच्या घरी चालते. काळा मसाला आणि येसर दोन्ही त्यातच होतात. घरी आणल्यावर दोन-तीन कडक उन्हं द्या, पण उघड्या जमिनीवर नको, कापडावर किंवा बाजेवर. कुटायच्या दिवसापर्यंत देठ काढू नका. देठ काढला की बी सांडतं आणि दमट हवा आत जाते. गिरणीतून आलेलं गरम तिखट लगेच बरणीत भरायचं नाही, परातीत पसरून पूर्ण निवू द्यायचं. मग चिनी मातीच्या किंवा काचेच्या बरणीत, मध्ये मध्ये खडा हिंग. वर्षभर काही होत नाही, फक्त चमचा कोरडा हवा. (हा चमचा कोरडा ठेवण्याचा उपदेश मी आमच्या घरात गेली कित्येक वर्षं करते आहे!)

हे झालं मिरचीचं. पण धर्माबादबद्दल लिहायला बसले ती मिरचीसाठी नाही.

अक्काचं घर तिथल्या जुन्या वस्तीत आहे. घरात मराठी, दुकानात तेलुगू, शेजारी दखनी उर्दू. अक्काच्या सासूबाईंना मी मावशी म्हणते. त्या ऐंशीच्या घरात आहेत. मला तहान लागली का हे त्या अजूनही ‘नीळ्ळु पाहिजे का गं?’ असंच विचारतात. त्यांचं माहेर मुधोळकडचं. ते गाव आधी नांदेड जिल्ह्यात होतं. १९५६ साली भाषावार राज्यं झाली तेव्हा मुधोळ, भैंसा, कुबेर हा पट्टा नांदेडातून काढून आंध्रातल्या आदिलाबाद जिल्ह्यात गेला, आणि त्याच वेळी आदिलाबादचं किनवट इकडे आलं. २ जून २०१४ ला तेलंगण वेगळं झालं. २०१६ साली निर्मल हा नवा जिल्हा झाला, त्यात ते गेलं. मावशी म्हणतात, ‘माझ्या बापाचं घर जागचं हललं नाही, पत्ता मात्र चारदा लिहून घेतला.’ त्यांना ही गंमत वाटते. पण त्यांच्या भावाच्या नातवाच्या लग्नात मी त्यांना त्या मांडवात बघितलंय. अर्धे पाहुणे मराठी बोलत होते, अर्धे तेलुगू, आणि रुखवतावरची वाक्यं दोन्ही भाषांत. कुणालाही ते वेगळं वाटत नव्हतं.

बासरलाही असंच. तिथं सरस्वतीचं मोठं देऊळ आहे, गोदावरीच्या काठावर. व्यासांनी तिथं तप केलं म्हणून बासर हे नाव, अशी कथा सांगतात. लहान मुलांना शाळेत घालण्याआधी तिथं नेऊन पाटीवर पहिलं अक्षर गिरवून घेतात. नांदेड-लातूरची कितीतरी मुलं तिथून अक्षर गिरवून आलेली आहेत, त्यात आमची दोन्ही. देवीच्या अंगावरची हळद प्रसाद म्हणून चाटवतात, बुद्धी येते म्हणून. मी शाळेत अर्धवेळ शिकवते, त्यामुळे हळदीनंतरही अभ्यास करावाच लागतो हे मला पक्कं ठाऊक आहे. पण ते पाटीवर हात धरून गिरवणं मला आवडतं. आमच्या थोरलीचा हात पुजाऱ्यांनी धरला होता आणि ती मान वळवून मागे नदीकडे पाहत होती. लातूरच्या मुलीने एवढं पाणी एके ठिकाणी पाहिलेलं नव्हतं.

इथं लातूरचं सांगितलं नाही तर पुढचं कळणार नाही. २०१६ चा उन्हाळा आठवतो ना? माझ्या लग्नाला तीन वर्षं झाली होती, थोरली तान्ही होती. मांजरा धरणात काही उरलं नव्हतं. शहरात पाण्याच्या टाक्यांभोवती भांडणं होऊ नयेत म्हणून मार्चमध्ये जमावबंदी लावली होती. घागरीसाठी जमावबंदी! १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली. दहा टाक्या, सुमारे ५ लाख लिटर पाणी. लोक रुळाशी जाऊन हात जोडत होते. पुढे आणखी मोठ्या गाड्या आल्या, पावसाळ्यापर्यंत येत राहिल्या. मी लंगोट धुतलेलं पाणी फरशीला, फरशीचं पाणी संडासाला, असं वापरत होते. एक बादली तीनदा कामाला लावायची सवय अजून गेली नाही. अक्का त्या दिवसांत फोनवर म्हणायची, ‘लेकराला घेऊन इकडं ये की. नदी हाय इथं.’ मी गेले नाही. सासूबाई एकट्या पडल्या असत्या. पण मनात कायम होतं, की माझी बहीण नदीच्या गावात आहे. तिला हे काही बघावं लागणार नाही.

नदी गावातून वाहत नाही, गावाबाहेर बाभळीच्या शिवारात आहे. नाशिककडून निघालेली गोदावरी पैठणला अडते, नांदेडला विष्णुपुरीत अडते आणि महाराष्ट्र सोडायच्या आधी शेवटची अडते ती बाभळीला. तिथं बंधारा आहे. अक्काची चार एकर त्याच्या वरच्या अंगाला. सोयाबीन, थोडी हळद, पाणी असलं तर गहू-हरभरा. आता तुम्ही म्हणाल, नदी, बंधारा आणि चार एकर, आणखी काय हवं? मीही तसंच म्हणत होते.

या बंधाऱ्याची गोष्ट आपण बायकांनी समजून घेण्यासारखी आहे, म्हणून थोडक्यात सांगते. खाली तेलंगणात पोचमपाडला श्रीरामसागर हे मोठं धरण आहे. त्याची कोनशिला १९६३ साली पंडित नेहरूंनी बसवली. त्या धरणाचा फुगवटा मागे आपल्या हद्दीपर्यंत येतो आणि बाभळीचा बंधारा त्या फुगवट्यातच बांधलेला आहे. १९७५ साली दोन्ही राज्यांत करार झाला, की पैठणच्या खाली पोचमपाडपर्यंत महाराष्ट्राने ६० टी.एम.सी. पाणी वापरावं. त्या वाट्यातलं २.७४ टी.एम.सी. बाभळीला अडवायचं, असं आपलं म्हणणं. खालचे म्हणाले, तुम्ही आमच्या धरणाच्या पोटात भिंत घालताय, आमचं पाणी अडेल. २००६ साली आंध्र प्रदेश सर्वोच्च न्यायालयात गेला. २००७ साली न्यायालय म्हणालं, बांधकाम करा, पण दारं बसवू नका. म्हणजे घर बांधायचं, चौकटी उभ्या करायच्या आणि फळ्या लावायच्या नाहीत. सहा वर्षं तसंच.

मध्ये जुलै २०१० मध्ये चंद्राबाबू नायडू आपले आमदार घेऊन बंधारा बघायला म्हणून हद्दीत आले. त्यांना अटक झाली आणि धर्माबादच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत ठेवलं. मी तेव्हा नांदेडला बी.ए. करत होते.  तिचा पहिला फोन, ‘अगं, आमच्या गावाचं नाव टी.व्ही.वर!’ गल्लीबोळांत पोलीस, बातमीदारांच्या गाड्या, आणि बायकांना घराबाहेर पडायची बंदी. त्याच प्रकरणात २०१८ साली धर्माबादच्या न्यायालयाने नायडूंवर अटकेचं वॉरंट काढलं तेव्हा ते आंध्रचे मुख्यमंत्री होते. छोट्या गावाचं न्यायालय म्हणून कुणी कमी लेखू नये.

शेवटी २८ फेब्रुवारी २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला. दारं बसवा, पण अटी पाळा. १ जुलै ते २८ ऑक्टोबर दारं वर उचललेली राहतील, पुराच्या पाण्याला अडथळा नको. बंद करायची ती २९ ऑक्टोबरपासून. साठलेल्यापैकी ०.६ टी.एम.सी. पाणी १ मार्चला खाली सोडायचं. देखरेखीला दोन्ही राज्यांची आणि केंद्राची मिळून समिती.

वाचताना हे अगदी न्यायाचं वाटतं. मलाही वाटलं. अक्काने मला एका वाक्यात समजावलं. ती म्हणाली, ‘पाऊस पडतो तवा दार उघडं, आन् पाऊस सरला की दार बंद. सांग, भरायचं कवा?’

परतीचा पाऊस चांगला लांबला आणि वरची धरणं भरून वाहत असली, तर ऑक्टोबरनंतरही नदीला पाणी असतं आणि बंधारा भरतो. नाहीतर जेवढं मागून येईल तेवढंच. त्यातलं मार्चमध्ये द्यायचं आणि जूनअखेर जे उरलं असेल ते १ जुलैला दारं उचलली की जातंच. उन्हाळ्यात पाणी जपून वापरून उरवलं, तर ते उरवणाऱ्याचं नाही. घरात आपण काटकसर का करतो? उरलेलं उद्या आपल्याला होईल म्हणून. इथं तो उद्याच नाही.

आणि पावसाळ्याचं म्हणाल तर उलटी तऱ्हा. खाली श्रीरामसागर काठोकाठ भरलं आणि वरून विष्णुपुरीचं पाणी सुटलं, की फुगवटा धर्माबाद-बिलोलीच्या शिवारात चढतो. अक्काचं सोयाबीन शेंगा धरलेलं असताना पाण्यात उभं राहिलेलं मी पाहिलं आहे. दाजी बांधावर उभे होते आणि मला म्हणाले, ‘या बाई, नदी बघायला आलाव ना? बघा.’ मी काही बोलले नाही.

१ जुलै एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघावा असं मनात होतं. २०२३ साली आषाढी एकादशी २९ जूनला, गुरुवारी आली. पुढे शुक्रवार आणि शनिवारची रजा काढली, हेडबाईंनी जरा नाक मुरडलं, पण दिली. मुलांना घेऊन गेले. त्या वर्षी पाऊस उशिरा आलेला, मराठवाड्यात पेरण्या खोळंबलेल्या. आदल्या संध्याकाळी अक्का मला नदीवर घेऊन गेली. तिने ओटीचं सामान आणलं होतं. खण, तांदूळ, नारळ, हळकुंड. दरवर्षी आणते, असं म्हणाली. पाण्यात ओटी सोडली. मी विचारलं, काय मागितलंस? तर म्हणाली, ‘मागायचं काय? जाणारीची ओटी भरतात, म्हणून भरली.’

शनिवारी सकाळी लांबूनच पाहिलं, जवळ जाऊ देत नव्हते. अधिकारी होते, इकडचे आणि तिकडचे, पोलीस होते. एकामागून एक दारं वर जाऊ लागली. मला वाटलं होतं मोठा गदारोळ होईल, लोंढा धावेल. तसं काही नाही. खालून पाणी निघून जाऊ लागलं, एवढंच. काठावरची ओली रेघ हळूहळू उघडी पडत गेली, वाण्याच्या मापाने तेल उतरावं तशी. गावातले पाच-पन्नास लोक उभे होते. दर वर्षीचं असल्यामुळे कुणी घोषणाही दिल्या नाहीत. थोरली माझी ओढणी धरून म्हणाली, ‘आई, हे पाणी लातूरला नाही का नेता येत?’

तिच्या प्रश्नाचं उत्तर मला आलं नाही. पण शाळेत परत गेल्यावर सातवीच्या वर्गात मी तो हिशेब फळ्यावर मांडला. माझा विषय मराठी आणि इतिहास, तरी मांडला. एक टी.एम.सी. म्हणजे शंभर कोटी घनफूट, लिटरमध्ये सुमारे २,८३२ कोटी. बाभळीची क्षमता २.७४, म्हणजे सुमारे ७,७६० कोटी लिटर. आमच्या लातूरची पहिली रेल्वे ५ लाख लिटरची. किती गाड्या? मुलांनी शून्यं खोडत खोडत काढलं, दीड लाखाच्या वर. आणि मार्चमध्ये द्यायचे ते ०.६ टी.एम.सी.? जवळजवळ ३४ हजार गाड्या. वर्ग शांत झाला. यातल्या बऱ्याच मुलांच्या घरी तो निळा ड्रम अजून आहे.

मागच्या बाकावरच्या एका मुलीने मात्र विचारलं, ‘बाई, खालच्या गावातल्या लोकांना पाणी नको का?’ तिने विचारलं ते बरं केलं, मी तो भाग गाळून चालले होते. श्रीरामसागरच्या कालव्यांवर तेलंगणातल्या कितीतरी गावांची शेती आहे. धरणात गाळ साचून पाणी साठायची जागाही कमी झालेली आहे. तिथंही अशीच एक अक्का असेल आणि तिचा नवरा तिला सांगत असेल, वरचे पाणी अडवतात म्हणून. मावशींच्या भाच्याचं शेत त्या बाजूला आहे. एकाच घरातलं माणूस बंधाऱ्याच्या वर आणि खाली. दिवाळीला तो येतो तेव्हा पाण्याचा विषय काढायचा नाही असा अक्काच्या घरात नियमच आहे.

दुसऱ्या एका विषयावर मात्र बोलणं होतंच. २०१८-१९ च्या सुमाराला धर्माबाद-बिलोलीकडच्या काही गावांनी मागणी केली होती, की आम्हाला तेलंगणात घाला. पुण्या-मुंबईच्या लोकांना त्याचं हसू आलं, कुणाला रागही आला. पण रेशनकार्डावर घर चालवणाऱ्या बाईच्या नजरेने बघा. पलीकडे त्या वेळी शेतकऱ्याला पेरणीआधी हंगामाला एकरी ४,००० रुपये मिळू लागले होते. शेतीला चोवीस तास वीज, तीही फुकट. आणि गरीब घरच्या मुलीच्या लग्नाला सरकारकडून १ लाख ११६ रुपये. अक्काच्या घरी मुलगी आहे. इकडे रात्री दोनला वीज येणार म्हणून दाजी कंदील, काठी घेऊन मोटर सुरू करायला जायचे आणि ते परत येईपर्यंत अक्का जागी. पलीकडच्या भाच्याची बायको रात्री झोपत होती. मी अक्काला विचारलं होतं, तुलाही जावंसं वाटतं का तिकडं? ती म्हणाली, ‘मला कुठं जायाचंय? माझं शेत हितंच ऱ्हाणार. कागद तेवढा बदलंल.’ मग थोडं थांबून म्हणाली, ‘पर एक रात झोपले असते.’ पुढे २०२४ पासून आपल्याकडे लाडक्या बहिणीचे दीड हजार सुरू झाले. अक्का म्हणते, त्यातून तिने पहिल्यांदा स्वतःच्या नावाने पोस्टात खातं काढलं. वीज अजूनही कधी रात्रीचीच असते.

त्या २०२३ च्या खेपेला घरात आणखी एक गोष्ट शिजत होती, ती मला निघायच्या आदल्या रात्री कळली. दाजी चारपैकी दोन एकर विकायचं म्हणत होते. गिऱ्हाईक आलेलं होतं. भाचीला नर्सिंगला घालायचं होतं, तिची फी आणि मागचं सोसायटीचं कर्ज. अक्का नको म्हणत होती. मला दोघांनीही विचारलं, ‘तू शिकलेली हाईस, तू सांग.’ बी.ए.च्या पुस्तकात याचं उत्तर कुठं होतं? मी एवढंच म्हणाले, की सातबाऱ्यावर अक्काचं नाव नाही, ते आधी लावून घ्या, मग विकायचं की ठेवायचं ते दोघं मिळून ठरवा. दाजींना ते आवडलं नाही. दोन दिवस माझ्याशी तुटक बोलले. तुम्हालाही सांगते, नवऱ्याच्या शेतावर राबणाऱ्या बाईचं नाव सातबाऱ्यावर नवऱ्याच्या बरोबरीने लावता येतं. तलाठ्याकडे चौकशी करा, तिथं टोलवाटोलवी झाली तर तहसीलमध्ये विचारा. मात्र ते सहज होत नाही, कारण आधी नवऱ्याची संमती हवी आणि ती मिळवणं हे खरं काम.

अक्काचं नाव लागलं. जमीन विकली नाही, दोन एकर बटईने दिली. भाची नांदेडला नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. हे बरं झालं की वाईट, ते दर वर्षी ऑक्टोबरात नव्याने ठरतं.

२९ ऑक्टोबरला अक्काचा फोन येतोच. ‘दारं पडली,’ असं म्हणते. मग मी विचारते, पाणी किती? त्यावर ती कधी ‘बेस हाय’ म्हणते, कधी ‘बघू’ म्हणते. ‘बघू’ म्हणाली की त्या वर्षी गव्हाची आशा नाही असं मी समजते आणि विषय मुलांकडे वळवते. फोन ठेवताना ती न चुकता विचारते, ‘औंदा मिरची किती ठेवू?’ मी सांगते, चार किलो तेजा, दोन ब्याडगी. शेजारच्या दोघींची आणखी पाच. आता पत्रं पाठवणाऱ्या तुम्हा मैत्रिणींपैकी कुणाला हवी असेल तर माघ संपायच्या आत कळवा. एका पोत्याचं भाडं तेवढंच पडतं, आणि आमच्या ह्यांनाही मग काही म्हणता येत नाही.